तुम्ही नक्की कुठले?

धारवाडच्या मराठी माणसाला हा प्रश्न जन्मभर पुरतो. पुण्याला गेलं की आपल्या बोलण्यातलं ‘होय की’, ‘काय की’ ऐकून समोरचा विचारतो, “तुम्ही कानडी का?” इथं मार्केटात आईशी मराठीत बोलताना भाजीवाल्या अक्कांनी ऐकलं की त्या विचारतात, “नीवू मराठियवरा?” बेळगावात तर न विचारताच माणसं आपल्याला कुठल्या तरी एका बाजूला बसवून मोकळी होतात. १ नोव्हेंबर १९५६ला धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तेव्हाची शाळकरी मुलं आज पणजोबा झाली, तरी हा प्रश्न काही रिटायर होत नाही.

यात गमतीचा भाग पुष्कळ आहे. आमच्या घरी पाहुणे आले की या विषयावर अर्धा तास सहज जातो. पण गेल्या वर्षभरात हॉस्टेलमध्ये जे बघितलं त्यामुळे मला हा प्रश्न नुसता गमतीचा वाटेनासा झालाय. आपण कुणाचे, आणि आपल्याला ‘आमची’ कोण म्हणतं, याचा संबंध झोपेशी असतो, भुकेशी असतो, अभ्यासाशी असतो. कधी कधी जगायच्या इच्छेशीही असतो. यंदा आपल्या मंडळात एक सूचना आली आहे, तिचाही याच्याशी संबंध आहे. तिच्याकडे येतेच, पण जरा लांबून.

माणसाला गोतावळा लागतो हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवेत? पण त्यांनी ते मोजून दाखवलं हे बरं झालं. १९९५मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि मार्क लिअरी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की कुणाचं तरी असणं ही माणसाची मूळ गरजच आहे. २०१०मध्ये ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून तीन लाखांहून जास्त माणसांची माहिती तपासली. ज्यांचे माणसांशी संबंध चांगले, त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. २०२३मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलांनी एकाकीपणाबद्दल सगळ्या देशाला इशारा दिला. ते सर्जन जनरल म्हणजे विवेक मूर्ती, घराणं मंड्या जिल्ह्यातल्या हल्लेगेरेचं, म्हणजे आपल्याच कर्नाटकातलं. २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल आला, त्यात जगातल्या दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा छळतो असं म्हटलंय.

एवढं वाचलं की वाटतं, मग सोपं आहे, प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या ग्रुपमध्ये शिरावं. मला हे तितकंसं पटत नाही.

समाजशास्त्राच्या पेपरात आम्हाला दुर्खीम आहे. त्याचं आत्महत्येवरचं पुस्तक १८९७चं. परीक्षेत बहुतेक जण एवढंच लिहून येतात, की समाजाशी धागा सैल झाला की माणूस खचतो, म्हणून प्रोटेस्टंट लोकांत आत्महत्यांचं प्रमाण जास्त आणि कॅथलिकांत कमी. (ख्रिस्ती संस्थेच्या कॉलेजात बसून हे पाठ करताना थोडं अवघडायला होतं. त्या आकड्यांवर नंतर पुष्कळ वाद झाले, ते वेगळं.) पण त्याच पुस्तकात दुसरी बाजू आहे आणि ती कुणी फारशी लिहीत नाही. धागा फार आवळला, माणूस समूहात पुरता विरघळून गेला, तरीही जिवाला धोका असतो, असं दुर्खीम सांगतो. माझं मत विचाराल तर आपल्याकडे हीच बाजू जास्त बघायला हवी.

कारण आपला गोतावळा आपण शोधलेला नसतो. अमेरिकेतल्या मुलाला नव्या शहरात गेल्यावर आपली माणसं हुडकावी लागतात. आपल्याकडे बारशाला नाव ठेवायच्या आधीच आडनाव तयार असतं, आणि आडनावासोबत जात, देव, जेवणाची पद्धत, कुणाकडे मुलगी द्यायची, सगळं आलं. त्यामुळे ‘गटात असण्याने मन बरं राहतं’ हे एकच वाक्य दोन ठिकाणी दोन अर्थांचं होतं.

मदत मागायची रीतसुद्धा वेगळी. हीजंग किम, डेव्हिड शर्मन आणि शेली टेलर यांनी २००८मध्ये यावर लिहिलं. अमेरिकेत राहणारी आशियाई वंशाची माणसं संकटात असली तरी आपलं दुःख जवळच्यांना उघड सांगून मदत मागायला कचरतात. त्यांना नात्यावर भार टाकायचा नसतो. पण नुसतं आपल्या माणसांत असणं, ती आहेत हे मनात असणं, याचा त्यांना आधार होतो. हे वाचलं तेव्हा मला हॉस्टेलच्या जिन्यात बसून घरी केलेले सगळे फोन आठवले. “जेवलीस?” “जेवले.” “बरं आहे ना?” “बरं आहे.” “मग ठेवू?” यात माहिती शून्य. तरी फोन ठेवल्यावर बरं वाटतं. आपल्या भागात भेटल्या-भेटल्या “ऊट आतेन्री?” विचारतात, त्यातही समोरच्याच्या पोटाची चौकशी थोडीच असते. ‘तू माझ्या हिशोबात आहेस’ एवढं त्यातून कळतं. म्हणून कुणी म्हणतं ना, की आपल्याकडे लोक मन मोकळं करत नाहीत, हेच सगळ्या दुखण्याचं मूळ, तेव्हा मी जरा थांबते. कट्ट्यावर न बोलता शेजारी बसण्यातही औषध असतं.

आपलं माणूस मनात किती खोल जाऊन बसतं याचं एक उदाहरण सांगते. टान्या लुहरमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांबरोबर कॅलिफोर्नियातलं सॅन माटेओ, घानातलं अक्रा आणि आपलं चेन्नई अशा तीन ठिकाणी कानात आवाज ऐकू येणाऱ्या गंभीर मनोरुग्णांच्या मुलाखती घेतल्या. प्रत्येक ठिकाणी २० जण. अमेरिकेतल्या रुग्णांना येणारे आवाज बहुतेक अनोळखी आणि हिंसक होते. चेन्नईतल्या निम्म्याहून अधिक जणांना आपल्या नात्यातल्या माणसांचे आवाज येत होते. ते रागवायचे, पण कामंही सांगायचे. आजार तोच. पण आजारातसुद्धा आपल्याकडे घरचे लोक पिच्छा सोडत नाहीत!

ही गोष्ट आपल्याकडच्या डॉक्टरांनी फार आधी ओळखली होती. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबू ठोकून राहायला लावलं. १९५७मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं मानसोपचार केंद्र सुरू झालं, तिथंही रुग्णाबरोबर घरच्या माणसाने राहायचं, उपचार शिकून घ्यायचे, ही रीत पडली. त्या काळी युरोप-अमेरिकेत मनोरुग्णाला कुटुंबापासून दूर मोठ्या इस्पितळात ठेवणं हेच सर्वसाधारण होतं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास केला. त्यात आग्रा, नायजेरियातलं इबादान अशा ठिकाणचे रुग्ण श्रीमंत देशांतल्यांपेक्षा बरे सावरलेले दिसले. का, याची चर्चा सुरू झाली आणि बोट कुटुंबाकडे गेलं. तो निष्कर्ष सरसकट खरा मानू नये, असं नंतरच्या काही संशोधकांनी बजावलं आहे, आणि ते बरोबर आहे. आपल्या गावातलं मनोरुग्णालय १८४५पासूनचं, आज त्याला ‘डिमहान्स’ म्हणतात. घरच्या माणसाला सांभाळणारे जसे असतात, तसे ‘घराण्याचं नाव जाईल’ म्हणून त्याला लपवून ठेवणारेही असतात. दोघंही एकाच गोतावळ्यातले असतात, कधी कधी एकाच घरातले.

इथं मला मराठीतला एक शब्द आठवतो : वाळीत टाकणं. हुक्का-पाणी बंद, लग्नाला बोलावणं नाही, विहिरीवर कुणी बोलणार नाही, मेलं तर खांदा नाही. हात न लावता माणूस कसा मोडायचा हे आपल्या समाजाला कुठल्याही मानसशास्त्रज्ञाच्या आधी माहीत होतं. ज्ञानेश्वरांचे आईवडील, विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई, यांनी मुलांना समाजाने जवळ करावं म्हणून देहत्याग केला असं परंपरा सांगते. ही फार जुनी गोष्ट झाली म्हणावं, तर महाराष्ट्राच्या विधिमंडळाला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा २०१६मध्ये करावा लागला आणि तो २०१७मध्ये लागू झाला. जातपंचायतीने कुणाला वाळीत टाकलं तर आता तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रयोगशाळेत तर याहून कितीतरी सौम्य गोष्टीने माणूस दुखावतो. २००३मध्ये नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी लोकांना कॉम्प्युटरवर चेंडू फेकण्याचा साधा खेळ खेळायला लावला आणि मधेच त्यांच्याकडे चेंडू येणं बंद केलं. शारीरिक वेदना होताना मेंदूचा जो भाग जागा होतो, तसाच भाग तेव्हाही जागा झालेला दिसला.

आमच्या मजल्यावर यंदा असंच काहीसं झालं. तालुक्याच्या मुलींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. एका मुलीला त्यातून काढलं. कारण सांगण्यासारखं नव्हतं, कुणाबरोबर फिरते, कुणाच्या डब्यातलं खाते, असलं काहीतरी. ‘रिमूव्ह्ड’ ही एक ओळ स्क्रीनवर आली, बस्स. ती मुलगी चार दिवस मेसला आली नाही. लोक म्हणाले, मोबाईलच्या ग्रुपचं काय एवढं! पण तिच्या दृष्टीने तो नुसता ग्रुप नव्हता. गावाकडची बस, गावाकडचा डबा, रात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर बरोबर येणारी माणसं, सगळं त्या एका ठिकाणी होतं. तेच गेलं.

गंगूबाई हनगल यांची एक आठवण या संदर्भात मला विसरता येत नाही. जन्म धारवाडचा, १९१३चा, आणि पुढचं सारं आयुष्य हुबळीत. १९२४मध्ये बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्यात स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत त्या होत्या. वय अकरा. गाणं कसं होईल याची चिंता असावी, असं आपल्याला वाटेल. पण चिंता दुसरीच होती. आपली जात हलकी मानतात, तेव्हा जेवणं झाल्यावर जागा साफ करायला आपल्यालाच सांगतील का, ही भीती त्या लहान मुलीच्या मनात होती. सगळा देश ‘एक’ होण्यासाठी जमला होता आणि त्या एकात आपण कुठे बसायचं हे अकरा वर्षांच्या मुलीला ठाऊक नव्हतं. गटात असणं आणि गटातलं वाटणं यात एवढं अंतर असतं.

पण त्याच गंगूबाईंना आणखी एक घर मिळालं. हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन त्या सवाई गंधर्वांकडे शिकल्या. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, घरचे कन्नड, नाव गाजलं मराठी रंगभूमीवर, आणि गुरू अब्दुल करीम खाँ, उत्तरेतल्या कैराना गावचे. गदगकडून आलेले भीमसेन जोशी याच घरातले, गंगूबाईंचे गुरुबंधू. संगीतात याला ‘घराणं’ म्हणतात. शब्द रक्ताच्या नात्याचाच, पण इथं आत येताना आडनाव चालत नाही, रियाज चालतो. मी हे फार गोड करून सांगत नाही. घराण्यांतही रुसवे, अहंकार, बंदिशी लपवणं सगळं होतं. पण जन्माच्या गोतावळ्याने उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या माणसाला दुसरा उंबरा ओलांडता आला, हे आपल्याच गावात घडलं आहे.

उंबरा बदलणं सोपं नसतं हे मात्र ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावर कळतं. ना. वा. टिळक १८९५मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाई कोसळल्या. काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या, नातेवाइकांत राहिल्या. एकत्र आल्या त्यानंतरही सोवळं सुटायला वेळ लागला, आणि १९००मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. आपल्या मंडळात या पुस्तकावर दर दोन वर्षांनी कुणी ना कुणी बोलतं आणि बहुतेक वेळा ते धर्मांतरावर किंवा विनोदावर बोलतं. मला ते पुस्तक आपली माणसं तुटण्याचं आणि पुन्हा जोडण्याचं वाटतं. लक्ष्मीबाई देवाशी भांडत नव्हत्या. उद्या आपल्या हातचं पाणी कोण पिणार, हा त्यांचा प्रश्न होता. आणि टिळकांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, ती मला नुसती साहित्याची हौस वाटत नाही. नव्या घरात येताना जुनी भाषा बाहेर काढून ठेवायची नाही, हा हट्ट त्यात आहे.

मिशनऱ्यांनाही हे व्यवहारात उमगलं होतं. बासेल मिशन धारवाडला १८३७मध्ये आणि हुबळीला १८३९मध्ये आलं. जो माणूस जातीबाहेर पडतो त्याचा देव बदलतो, पण त्याबरोबर धंदाही जातो आणि शेजारही जातो, हे लक्षात आल्यावर मिशनने किनारपट्टीवर विणकामाचे आणि कौलांचे कारखाने काढले. मंगळुरी कौलं आपण छपरावर बघतो. तुटलेल्या माणसांना काम आणि शेजार मिळवून द्यायच्या खटपटीशी त्यांचा असा संबंध आहे.

आता आपल्या दोन मोठ्या लेखकांकडे येते. धारवाडचे म्हणून दोघांचाही अभिमान सांगतो आपण, पण एकत्र विचार कधी करत नाही.

द. रा. बेंद्रे, जन्म १८९६, धारवाड. घरात मराठी. कविता मात्र कन्नडमध्ये, इतकी की आज कन्नड माणूस त्यांना ‘वरकवी’ म्हणतो. ज्ञानपीठ मिळालं १९७३चं. त्यांनी मराठीतही लिहिलं. कितीतरी अपत्यं डोळ्यांदेखत गेली, ‘नरबली’ या कवितेपायी तुरुंगवास झाला, नोकरी गेली, बेकारीची वर्षं काढली. असा माणूस मोडून पडायला हवा होता. १९२०च्या दशकात त्यांच्याभोवती धारवाडात ‘गेळेयर गुंपु’ जमला, म्हणजे मित्रांचा मेळा. पुढे ज्ञानपीठ मिळवणारे वि. कृ. गोकाक त्यातलेच. एकमेकांच्या कविता वाचायच्या, खोडायच्या, छापायच्या. बेंद्रे तगले ते या मित्रांमुळेच, असं मी सिद्ध करू शकत नाही. मला तसं वाटतं, एवढंच.

आणि दुसऱ्या टोकाला जी. ए. कुलकर्णी. जन्म १९२३, एकसंबा. धारवाडच्या जे.एस.एस. कॉलेजात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं आणि ‘काजळमाया’, ‘पिंगळावेळ’, ‘रमलखुणा’ लिहिल्या त्या इथंच. सभा नको, सत्कार नको, मुलाखत नको. साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं, तेही वादानंतर परत केलं. एकाकी माणसाचं उदाहरण म्हणून जी.एं.चं नाव हमखास घेतात, आणि मला ते चुकीचं वाटतं. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्रांचे चार खंड निघाले. सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचाच एक अख्खा खंड आहे. पानंच्या पानं, पुस्तकांबद्दल, चित्रांबद्दल, बालपणीच्या बेळगावबद्दल. हा माणूस समारंभाचा नव्हता. पण त्याचा गोतावळा होता, पोस्टाच्या पाकिटातून येणारा-जाणारा. दहा जणांत बसणाऱ्याला एकटं वाटू शकतं आणि एकटा राहणारा आतून भरलेला असू शकतो. तेव्हा हॉस्टेलमध्ये एखादी मुलगी कार्यक्रमांना येत नाही म्हणून तिला लगेच ‘डिप्रेशन’ची चिठ्ठी चिकटवू नका. तिला कुणाची पत्रं येतात का, एवढं आधी बघा. आता पत्रं म्हणजे व्हॉइस नोट, पण चालेल.

बेंद्र्यांना आणि जी.एं.ना एका वाक्यात बसवायचं तर मी एवढंच म्हणेन, की दोघांनाही एकापेक्षा जास्त घरं होती. मराठी घर, कन्नड गाव, इंग्रजी पुस्तकं. एकीकडे दार लागलं तर दुसरीकडे जायची सोय. हेही आता कुणीतरी तपासलं आहे. इंग्लंडमध्ये कॅथरिन हॅस्लम आणि सहकाऱ्यांनी पक्षाघातातून उठलेल्या लोकांचा अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध केला. आजाराआधी जे जास्त गटांत होते, ते आजारानंतर जास्त समाधानी दिसले, कारण एखादा गट सुटला तरी बाकीचे हाताशी राहिले. कुणी दारूतून उठतो, कुणी नापास होण्यातून. मला वाटतं हिशोब असाच राहत असणार. १९८६मध्ये पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने ‘मुक्तांगण’ काढलं. तिथं व्यसनातून सुटलेले लोकच नव्याने आलेल्यांना धरून ठेवतात. पिणाऱ्यांचा गट सोडायचा तर जायला दुसरा गट आधी तयार हवा, नुसता निश्चय पुरत नाही.

आता ती सूचना. मंडळाच्या सभासद-अर्जात ‘मातृभाषा’ आणि ‘मूळ गाव’ असे रकाने घालावेत आणि मातृभाषा मराठी असेल त्यांनाच सभासद करावं, असं काही जणांचं म्हणणं आहे. त्यांची बाजू मी हसण्यावारी नेत नाही. या शहरात मराठी शाळांची पटसंख्या घटली, घराघरांत मुलं आजीशी मराठीत आणि भावाशी कन्नड-इंग्रजीत बोलायला लागली. आठवडाभर दुसऱ्यांच्या भाषेत सावरून बोलल्यावर एक तास तरी न सावरता बोलावं, असं कुणाला वाटलं तर त्यात चूक काय? तो एक तास मलाही हवा असतो. ‘च’चा उच्चार, अर्धवट म्हण, आजीची शिवी, काही समजावून सांगायला न लागणं ही खरोखर विश्रांती असते.

तरी मी या सूचनेच्या विरुद्ध आहे. रकाना एकदा आला की तो वाढतो. आज मातृभाषा, उद्या ‘मूळ गाव’, आणि आपल्याकडे मूळ गाव विचारणारा माणूस पुढच्याच वाक्यात आडनाव विचारतो. मंडळात आज मराठा घरातली मुलं आहेत, देशस्थ आहेत, नामदेव शिंपी आहेत, दलित आहेत, खानापूरकडची ख्रिस्ती मुलं आहेत, आणि घरात निराळीच बोली बोलणारी हुबळीची सावजी मुलगी आहे, तिने मातृभाषेच्या रकान्यात काय लिहायचं? बाहेर ज्यांना दुय्यम वाटतं, त्यांनी आत आल्यावर आणखी कुणाला दुय्यम ठरवायचं, हा खेळ गंगूबाईंच्या गावात तरी नको. आणि विश्रांतीचा तास हवा असेल तर तो कार्यक्रमात ठेवता येतो. त्यासाठी दाराला कडी लावायला नको.

मला त्या रकान्यांऐवजी दुसरंच काहीतरी करावंसं वाटतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाप्रमाणे २०२२मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. हे वाचून भाषण करणं सोपं आहे. त्यापेक्षा ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी अमेरिकेतल्या एका कॉलेजात जे केलं ते बघा. त्यांचा लेख २०११चा आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सिनियर मुलांचे अनुभव वाचायला दिले : इथं सुरुवातीला सगळ्यांनाच परकं वाटतं आणि ते हळूहळू जातं. साधारण एक तासाचं काम. पण कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारलेले दिसले, तब्येतही बरी राहिली. ‘मलाच परकं वाटतंय, म्हणजे मी इथली नाही’ ही गाठ त्यांच्या मनात बसली नाही. हे आपल्याला फुकटात जमण्यासारखं आहे. जुलैच्या पहिल्या बैठकीत स्वागतगीत आणि पाहुण्यांचा परिचय थोडा आवरता घेऊन तीन सिनियरांनी आपलं पहिलं सेमिस्टर कसं गेलं ते सांगावं. निपाणीच्या मुलाने वर्गात कन्नड कळत नव्हतं तेव्हा काय केलं ते सांगावं, हावेरीच्या मुलीने मराठी मैत्रिणींत बसून उगाच हसायची वेळ यायची तेव्हाचं सांगावं. आणि ज्याला सिनियरलाही सांगवत नाही त्याच्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा नंबर मंडळाच्या फलकावर कायमचा लिहून ठेवावा. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, कन्नडमध्येही बोलता येतं आणि मराठीतही.

सूचनेवर मतदान पुढच्या शनिवारी साडेतीनला आहे. त्याआधी वाचन आहे, ते चुकवू नका. ग्रुपमधून काढलेली ती मुलगी जी.एं.ची एक कथा वाचणार आहे. घरची कन्नड, मराठी शिकली ती तालुक्याच्या त्या मैत्रिणींत राहूनच. पंधरा दिवस झाले, रोज रात्री मेसमध्ये माझ्यासमोर बसून तयारी चालली आहे. तिचा ‘ळ’ आमच्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ आहे. ‘चांदणं’मधला ‘च’ मात्र अजून येत नाही, आणि कथेत चांदणं फार आहे.